दुधाचं माप

कन्हेरीचा दूधवाला गाडी बंद न करताच दूध ओतून निघायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमची लेक तीन वर्षांची, बोलत नाही, माणूस दिसला की माझ्या ओढणीत. बारामतीच्या स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "विचारा आणि थांबा. उत्तर तुम्ही देऊ नका." घरात कुणालाच जमलं नाही. दूधवाल्याला हे मी सहज सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी बंद केली. लेकीला "बाय, किती?" विचारून माप धरून उभा. मी "एक" म्हटलं तरी ओतेना. तिनं एक बोट दाखवलं, मगच ओतलं. रोज हेच.

दोन महिन्यांनी ती हळूच म्हणाली, "दोन."

त्यानं दोन मापं ओतली.

"अहो, एकच लागतं!"

"वहिनी, तुमाला कुणी इचारलं?"