ब चा हिस्सा

गणिताची पदवी घेऊन तीस वर्षे शाळेत शिकवल्यावर मी आता कायद्याच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसतो. आज प्राध्यापकांनी उदाहरण घातले: वडिलांच्या घरातला ब चा हिस्सा तिचा भाऊ अ याने उघडपणे नाकारला आणि ब बारा वर्षे गप्प राहिली. मी तत्परतेने सांगितले, "मुदत गेली. ब चा हक्क संपला." प्राध्यापक म्हणाले, "बरोबर."

तेवढ्यात शेजारच्या सुनंदाताईंकडे लक्ष गेले. परिचारिकेची नोकरी सांभाळून त्या हा अभ्यास करतात. बाकाखाली त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. चार बोटांची बारा पेरे संपली आणि दुसऱ्या हाताची करंगळी पुढे झाली.

भूमितीत अ आणि ब हे बिंदू असतात. त्यांना कितीही लांब ढकलले तरी त्यांचे काही बिघडत नाही. अक्षरांशी असे निर्धास्त वागण्याची सवय मी किती मुलांना लावली असेल! उत्तर अचूक असावे, एवढेच शिकवले. ते ऐकणारे कोण आहे, हे पाहायला शिकवले नाही.

तास संपल्यावर ताई हसून म्हणाल्या, "दादा म्हणतोच, 'शीक शीक, तोवर घर माझंच.'"

"हिस्सा देत नाही, असं तो कधी म्हणाला?" मी चाचरत विचारले.

"आईच्या तेराव्याला. भर पंगतीत." त्यांचा चेहरा जरा उजळला. "साक्षीदार हवे तेवढे आहेत, सर."

दादाने तेव्हाच उघड नकार दिला, हे सिद्ध करणाऱ्या त्याच साक्षीदारांमुळे त्यांचा दावा बुडणार होता. ते सांगणे माझ्याच्याने झाले नाही.