तांदळात लिहिलेलं नाव

२००६, मार्चमधला एक शनिवार. रक्कम सहाशे डॉलर. हजर माणसं तीन: मी, माझी बायको आणि व्हिसाची कागदपत्रं जमवून देणारा एक सल्लागार. जागा अमेरिकेतल्या कॅरी गावातलं त्याचं ऑफिस, एका सलूनच्या वरचं.

बायकोचा जन्म पेडण्याजवळचा, गोवा पोर्तुगिजांकडे असतानाचा. त्या आधारावर तिला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला होता. तिच्या औषध कंपनीने तिची युरोपातल्या शाखेत बदली केली. जूनच्या एक तारखेला तिथे हजर व्हायचं होतं, आणि माझा इथला व्हिसा मे महिन्यात संपत होता. युरोपीय नागरिकाच्या नवऱ्याला तिच्यासोबत राहण्याचा हक्क असतो. परवान्याला फी नसते. फक्त मी तिचा नवरा आहे हे सिद्ध करायचं. ते जमलं नाही, तर ती तिकडे आणि मी एकटा पुण्याला.

त्या देशाच्या दूतावासाने माझा अर्ज परत पाठवला होता. पासपोर्टवर बायकोचं जन्माचं नाव होतं, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नुसतं आडनावच नाही, नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, झालं. सही-शिक्का कुठेच नाही. म्हणून पत्रात विचारलं होतं: दाखल्यावरची ही दुसरी स्त्री कोण, आणि तिच्याशी तुमचा घटस्फोट कधी झाला?

"काका, डोन्ट वरी," सल्लागार म्हणाला. तिशीतला, मूळचा नागपूरचा. त्याने आमचा अल्बम चाळला. "पण यात तर तुम्ही दोघं परेडला उभे आहात. हग केलेला एखादा फोटो?"

"आमच्या वेळी लग्नात कुणी हग करत नसे."

"मग आता काढू ना. तळ्यावर जाऊ. काकू साड्या बदलतील, तुम्ही स्वेटर. तारखा मी वेगवेगळ्या टाकतो. सगळेच करतात यार. सहाशेत पूर्ण पॅकेज."

मला किळस आली. तेवीस वर्षांचा संसार त्याच्या टेबलावर पडला होता, घराचे हप्ते, एकत्र भरलेला टॅक्स, सगळं त्या दुसऱ्या नावाने. आणि हा मला स्वेटर बदलायला सांगत होता.

"काकू, तुम्ही तरी समजवा काकांना."

"मी काय समजवू?" बायको म्हणाली. "नाव बदलताना मला कुणी विचारलं नव्हतं. तांदळात ह्यांनी कोरलं, पुरावा ह्यांनीच शोधावा."

आम्ही उठलो. घरी येऊन मी शुगर लँड गावात राहणाऱ्या तिच्या मावशींना फोन लावला. त्या आमच्या लग्नात होत्या. बायको शेजारीच उभी होती, म्हणून स्पीकर चालू ठेवला आणि पत्रातला प्रश्न मावशींना वाचून दाखवला.

"अगो, ताट मीच धरलेलं!" मावशी ओरडल्या. "तुझ्या नवऱ्याचा हात असा थरथरत होता, शेवटचं अक्षर ताटाबाहेर गेलं. देते की लिहून. पण खरं सांग, संशय त्यांना आलाय की तुला?"

बायको त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मावशींनी ताट, तांदूळ, अंगठी सगळं लिहून, दोन्ही नावं एकाच मुलीची अशी शपथ घेतली आणि कागद कुरियरने पाठवला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात परवाना आला. आम्ही दोघं एकाच विमानाने जाणार होतो, पण मला आनंद झाला नाही. पंच्याहत्तरीच्या बाईला गुडघे धरत नोटरीकडे जाऊन सांगावं लागलं, की माझी बायको एकच आहे.

परवान्याचे शून्य डॉलर. नोटरीचे सहा मावशींनी भरले आणि माझ्याकडून घेतले नाहीत. सल्लागाराने पहिल्या भेटीचे पंच्याहत्तर मागितले. बायकोने चेक लिहिला आणि मुद्दाम जन्माच्या नावाने सही केली. सही जुळत नाही म्हणून बँकेने तो परत पाठवला. मग मीच जाऊन पंच्याहत्तर डॉलर रोख त्याच्या टेबलावर ठेवले आणि पावती लिहून होईपर्यंत उभा राहिलो.