एका गल्लीचा एकच पत्ता

पाचोऱ्यातल्या आमच्या इंटरनेटवाल्याने मला फसवलं. स्वतंत्र आणि कायमचा आयपी पत्ता देतो म्हणून त्याने दर महिन्याला जादा पैसे घेतले आणि अख्ख्या गल्लीत वाटलेला पत्ता माझ्या गळ्यात मारला.

इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता लागतो. काहींचा सारखा बदलतो, काहींचा कायम राहतो. तिसरा एक प्रकार असतो. त्यात आत घरं अनेक, पण बाहेरच्या जगाला सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. हा तिसरा प्रकार मला फार उशिरा कळला.

घरामागच्या कापसाच्या गोदामात कॅमेरे बसवले तेव्हा मी स्वतंत्र, कायमचा पत्ता मागितला. भाव ठरवायला अर्धी दुपार घासाघीस केली. "नाना, तुमच्यापुढे कोणाचं चालतं?" म्हणत तो फार लवकर खाली उतरला. मी खूश झालो. कॅमेरे मोबाईलवर नीट दिसत होते, त्यामुळे शंका यायचं काही कारणच नव्हतं.

मग धुळ्यातल्या एका सरकारी गोदामाचा ऑनलाइन लिलाव निघाला. हातगाडीवर सरकी विकत मी इथवर आलो, ते गोदाम मला हवंच होतं. घरी बसून बोली लावली. आठवडाभरात बोली बाद झाल्याची नोटीस आली आणि धुळ्याला सुनावणीसाठी बोलावलं.

तिथल्या बाकावर आधीच कोण बसलेलं? आमच्या समोरच्या घरातला कापूस व्यापारी. त्याने माझी गिऱ्हाइकं फोडली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पोरीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा मी त्याला दिली नव्हती.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "दोन्ही बोली एकाच आयपी पत्त्यावरून आल्यात. एका खोलीत बसून ठरवलंत ना?"

"याच्यासोबत?" मी ओरडलो. "साहेब, मी याच्यासोबत एका पंगतीला बसत नाही!"

"तसं सगळेच म्हणतात," साहेब म्हणाले. साटंलोटं केलं असा शेरा पडला. पुढच्या लिलावांतून बाहेर काढायचं की नाही, ते महिनाभरात ठरणार होतं.

बाहेर आल्यावर तो शेजारी हसत म्हणाला, "भाऊ, आते आपला पत्ता एकच शे. बठ्ठं गाव हासी राह्यनं."

सगळं गाव हसत होतं म्हणे; मी त्याच्याकडे न बघता रिक्षात बसलो. हसू मलाही येत होतं, म्हणून जास्तच संताप झाला.

संध्याकाळी इंटरनेटवाल्याच्या दुकानात गेलो. तो वडा खात होता. "नाना, तुमचा आकडा बदलला का कधी? नाही ना? मग कायमचाच झाला."

"बाहेर काय दिसतं?"

"बाहेर सगळ्यांचा एकच. तुमचा आकडा आमच्या जाळ्याच्या आत चालतो. समोरच्या भाऊंनाही तसाच दिलाय."

"आणि स्वतंत्र?"

"आतल्या आत स्वतंत्रच आहे."

त्याने तेलकट बोटं बिलांच्या गठ्ठ्याला पुसली. कापसावर पाणी मारून वजन वाढवणारे मी आयुष्यभर पाहिले. त्यांच्या गाड्या मी परत पाठवल्या. पण पकडले गेल्यावर ते निदान मान तरी खाली घालतात. हा मात्र ओला कापूस ही कापसाची वेगळीच जात आहे, असं सांगत होता. "हेच साहेबांसाठी लेखी दे," म्हटलं, तर म्हणतो, "कंपनीत असं लेखी देत नाहीत, नाना."

बिलावर 'स्वतंत्र कायमचा पत्ता' छापायला मात्र कंपनीची हरकत नाही.

पैसे परत देऊ करत होता. मी घेतले नाहीत. ज्या माणसाचं तोंड पाहायला मी तयार नाही, त्याच्याशी संगनमत केल्याचा डाग माझ्या नावावर आहे. पैशांनी तो निघत नाही.

सुनावणी अजून एक बाकी आहे. इंटरनेटवाल्याने आपल्या पायांनी धुळ्याला यावं, त्याच साहेबांपुढे उभं राहावं आणि आमच्या दोघांच्या देखत सांगावं: एक पत्ता किती घरांना विकला, आणि त्याला स्वतंत्र कोणत्या तोंडाने म्हटलं?