बापूंचा एकट्याचा संघ

बापू मोहिते कुठलाही कागद हातात आला की आधी त्यातल्या वाक्यांना आकडे घालत. माझ्या लग्नाच्या पत्रिकेलाही घातले होते. भोजनाची विनंती हे कलम सातवे. जेवून हात धुतल्यावर त्यांनी तिथल्या तिथे लाल पेन्सिलीने खूण केली. आमच्या बडोद्याच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि बापू तिथल्या प्रयोगशाळेचे परिचर होते.

त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेची पात्रता फेरी आमच्याकडे आली, तेव्हा यजमानांसाठीच्या अटींचा कागद मी सरळ बापूंना दिला. प्रत्येक खोलीत बझर, प्रश्न वाचणारा, गुण लिहिणारा, प्यायचं पाणी, शांतता. "सर, लिहिलंय ना, मग करायचं. बराबर?" शांततेसाठी ते कॉलेजमागच्या सोसायटीत गेले आणि रविवारी मिक्सर लावू नका, असं दारोदार सांगून आले.

"तो हुं चटणी क्यारे वाटुं?" एका बाईंनी विचारलं.

"शनिवारे वाटी लेजो, बेन," म्हणत बापूंनी त्या कलमावर खूण केली.

खूण राहिली होती एकाच अटीवर. किमान सहा संघ खेळले नाहीत, तर फेरी धरली जाणार नव्हती. आणि रविवारी सकाळी सुरतेहून फोन आला की तिथली मुलं तापाने पडली आहेत. पोर्चमध्ये पाच संघ सेवउसळ खात होते. त्यात आमचाही होता. आमची कप्तान मिताली शेवटच्या वर्षाला होती आणि पुढे एकच संघ जाणार होता. मी डोक्याला हात लावून बसलो.

बापू कागद वाचत होते. "सर, संघात कमीत कमी किती जण, ते लिहिलं नाहीये. लिहिलं नाहीये, मग होऊ शकतं."

"पण खेळणारा विद्यार्थी हवा, बापू."

त्यांनी खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं ओळखपत्र काढलं. "बी.ए. एक्स्टर्नल, दुसरं वर्ष. बराबर?" दुसऱ्या वर्षाला ते चौथ्यांदा बसले होते, हे मला तेव्हा कळलं. मुख्य आयोजकांनी फोनवर बराच वेळ नियम चाळले आणि परवानगी दिली.

खाकी गणवेशातले बापू चार खुर्च्यांच्या टेबलाशी एकटे बसले. मधल्या वेळेत ते पाण्याचे जग भरत. चार सामन्यांत त्यांनी बझरला हात लावला नाही. "चुकलं तर पाच जातात, सर. आपण शून्यावर बरे."

शेवटचा सामना आमच्याच संघाशी होता. आमचे आणि आणंदच्या संघाचे विजय सारखे होणार, हे दिसत होतं. मग निकाल एकूण गुणांवर. मिताली एकेक प्रश्न टिपत होती. वाचणाऱ्या मुलीने सुरुवात केली, "काचेच्या बरणीत टांगलेली दोन पातळ पानं..." आणि बझर वाजला. दिवा बापूंच्या टेबलावर लागला होता.

"तीन नंबरचं कपाट, वरचा खण," बापू म्हणाले.

मुलगी गोंधळली. "वस्तूचं नाव सांगा."

"गोल्ड लीफ इलेक्ट्रोस्कोप. एक पान फाटलंय, नवीन मागवलंय."

मितालीच्या हातचे दहा गुण बापूंना मिळाले. संध्याकाळी बेरीज झाली तेव्हा आम्ही आणंदच्या पाच गुणांनी मागे होतो. आणंदची मुलं नाचत बसमध्ये चढली. मिताली थोडी रडली, मग स्वतः जाऊन बापूंशी हात मिळवून आली. मला ते जमलं नाही. "एक दिवस गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" मी व्हरांड्यात सगळ्यांदेखत म्हणालो.

बापू बझरच्या वायरी गुंडाळत होते. "सर, तुमच्या तासाला उपकरणं मांडून मी बाहेर स्टुलावर बसतो. तुम्ही विचारता ते ऐकू येतं. पोरं गप्प असतात तेव्हा कधीकधी मला येत असतं. आज पहिल्यांदा माझ्यापुढे बटण होतं."

माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं शिकवून मी बरोबर उत्तर देणाऱ्यावर चिडलो होतो. दुसऱ्या दिवशी उपकरणं मांडून बापू निघाले, तेव्हा मी त्यांना स्टूल आत घ्यायला लावलं. तास सुरू झाला, मी पहिला प्रश्न विचारला आणि सगळ्यांच्या आधी बापूंचा हात वर गेला. उत्तर साफ चुकलं. पुढे ते निवृत्त होईपर्यंत उत्तर बहुतेक रोजच चुकत असे, पण पहिला प्रश्न मी त्यांनाच विचारत राहिलो.