टीव्हीचं झबलं

माझ्या भावाला टीव्हीतलं एकच कळतं, इंच. न्हावा शेव्याच्या बंदरावर त्याचे दोन ट्रेलर कंटेनर वाहतात. तिथे त्याने मोठ्याला मोठं म्हणावं, माझी ना नाही. पण टीव्ही घ्यायचा होता आमच्या बाबांसाठी, आणि त्या सगळ्या खरेदीत बाबांचं नाव कोणी घेतलं असेल तर फक्त मी. माझी जीभ कडू आहे हे मला माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ऐकवून झालंय. असू दे. अलिबागला बँकेत कॅशच्या खिडकीमागे सगळी नोकरी काढल्यावर ज्याची जीभ गोड राहते, त्याला एकदा डॉक्टरला दाखवावं.

बाबा मिठागरात राबले. भर उन्हात मिठाची पांढरी झळ वर्षानुवर्षं डोळ्यांत गेली, त्याचं फळ म्हातारपणी मिळालं. एक डोळा कामातून गेला. दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, मोठं असेल ते लांबून दिसेल, बारीकसारीक मात्र विसरा. बाबांना बारीक बघायचंच नव्हतं. त्यांना नातीची कबड्डी बघायची होती.

ही नात म्हणजे माझ्या भावाची धाकटी मुलगी. बाबा तरुणपणी गावच्या संघात चढाई करायचे, आणि पोरीला त्यांनीच अंगणात चुन्याच्या रेघा मारून शिकवलं. आता ती घाटावर खेळाडूंच्या हॉस्टेलात राहते आणि तिचे सामने फोनवर थेट दिसतात. घरातले सगळे बघायचे. बाबांनी एकदा फोन नाकाला लावून बघितला आणि परत दिला. म्हणाले, मुंग्या पलतान नुसत्या. म्हणून मी भावाला म्हटलं, मोठा टीव्ही घे, अर्धे मी घालते.

चाळीस हजारांच्या वर जायचं नाही, भावाने बजावलं. मोठ्या मुलाच्या हळदीला याने जेवढं मटण शिजवलं आणि जेवढा डीजे बडवला, त्यात गावाला टीव्ही वाटून झाले असते. पण तिथे हौसेला मोल नसतं. बापाच्या डोळ्यांची गोष्ट निघाली की माणसाला लगेच बजेट आठवतं.

आम्ही तिघं पनवेलला एका मोठ्या दुकानात गेलो. आत भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांवर मासे. निळ्या पाण्यात रंगीत मासे इकडून तिकडे जातायत. खाडीकाठच्या माणसाला दुकानदार मासे दाखवतो, याला काय म्हणावं? मासे संपले की स्ट्रॉबेरी कापतात, ती संपली की बर्फाचा डोंगर. बाबा ते बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी विक्रेत्याला विचारलं, यात माणसं दिसतात का? तो हसला. मला हसू आलं नाही, कारण अख्ख्या दुकानात मुद्द्याचं बोलणारे तेवढे एकटेच होते.

भाऊ मात्र सरळ एका पासष्ट इंचीसमोर जाऊन उभा राहिला. नाव कधी कोणी न ऐकलेली कंपनी, किंमत नेमकी आमच्या बजेटातली, आणि चित्र असं की निळा रंग सांडल्यासारखा. कारण काय, तर आमच्या चुलतभावाकडे पंचावन्न इंची आहे. विक्रेता त्याला फोर-के, अल्ट्रा आणि आणखी कसलं कसलं अल्फाबेट ऐकवत होता, आणि माझा भाऊ, ज्याला स्वतःच्या फोनचा पासवर्ड मुलगी सांगते, तो मान डोलवत होता. मी विचारलं, हा आपल्या भिंतीवर मावेल का? तर म्हणाला, भिंत वाढवू. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

मग मी सरळ खिडकीवरची बाई झाले. विक्रेत्याला म्हटलं, ते मासे बंद कर, फोनवरून कबड्डीचा सामना लाव, आणि एक खुर्ची आण. आमच्या घरात बाबांची खुर्ची भिंतीपासून जेवढी लांब असते, तेवढ्या अंतरावर बाबांना बसवलं आणि म्हटलं, पाठीवरचे नंबर वाचा. त्या पासष्ट इंचीवर बाबांना दोन वाचता आले, बाकीचे पळताना पुसले जायचे. शेजारच्या पन्नास इंचीवर त्यांनी धडाधड वाचले. चार, नऊ, अकरा, आणि ती पकड चुकली बघ, हेही वर सांगितलं. विक्रेत्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पन्नास इंची घ्यायचा ठरला, दोन-चारशे रुपयांनी बजेटच्या आतच. भाऊ परतीच्या वाटेवर गाडीत उगाच हॉर्न बडवत होता. बाबा मात्र रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत आले.

मी अलिबागला निघून गेले आणि टीव्ही दोन दिवसांनी घरी पोचला. वहिनीने त्याची साग्रसंगीत पूजा केली. फोनवर फोटो आला, टीव्हीला झेंडूचा हार, खाली फुटलेला नारळ, बाजूला भाऊ, जणू त्यानेच तो घडवला. आमच्याकडे नवीन वस्तू घरात आली की आळी बघायला येते. पेढा हातावर ठेवायचा आणि समोरच्याने वस्तूचं कौतुक करायचं, हा रिवाज आहे. नावं ठेवायची नाहीत. ज्याने पेढा खाऊन नावं ठेवली त्याला पुढच्या हळदीचं आमंत्रण येत नाही. तेव्हा आळी आली, पेढे खाल्ले आणि म्हणाली, एकदम क्लिअर. थेटर हाय थेटर. हे मला वहिनीनेच कौतुकाने फोनवर सांगितलं.

मी बाबांना विचारलं, दिसतंय ना नीट? ते म्हणाले, दिसतंय की. आवाज जरा पडलेला वाटला, पण मी म्हटलं जेवण झालं असेल, झोप आली असेल.

पुढे सामने सुरू झाले. प्रत्येक सामन्यानंतर नात आजोबांना फोन करायची आणि आजोबा म्हणायचे, झकास खेळलीस. वहिनी म्हणे, आजा रोज टीव्हीसमोरून हलत नाही. मला बरं वाटलं. पैसे सत्कारणी लागले असं मी नवऱ्याला दोनदा ऐकवलंही.

आणि मग एका संध्याकाळी पोरीने मला फोन केला. आवाज बारीक झालेला. म्हणाली, "आत्या, आजोबा आज पण म्हणाले झकास खेळलीस. मी आज खेळलेच नाही. गुडघा दुखत होता, अख्खा सामना बाहेर बसले होते." मग म्हणाली, "त्यांना दिसत नाही का गं काहीच?"

दुकानात पकडीतली चूक ओळखणाऱ्या माणसाला घरी आपली नात मैदानावर आहे की बाकावर, हे कळू नये? डोळा इतक्या लवकर जातो? डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, मागच्याच महिन्यात तपासलाय, तेव्हा डोळा ठीक होता. पोरीचा शेवटचा सामना रविवारी होता. गुडघा बरा होता, ती उतरणार होती. रविवारी दुपारी जेवण उरकून मी माहेर गाठलं.

दारातच मला ते दिसलं आणि मी चपला काढायची विसरले. टीव्ही छताला टेकेल इतका वर लावलेला, गणपतीच्या फोटोच्याही वर. आणि त्याला झबलं घातलेलं. खरंच सांगते, झबलं. जाड पारदर्शक प्लास्टिकचं, कडेने पिवळी पट्टी, खाली नाडी. वहिनीने ते रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडून मापाने शिवून आणलं होतं. फोटो काढला तेव्हा ते शिवायला गेलेलं होतं, म्हणून मला दिसलं नव्हतं. आळी पेढे खायला आली तोवर ते चढलं होतं.

मी विचारलं, हे काय? भाऊ म्हणाला, खारा वारा. चुलत्याचा आधीचा टीव्ही दोन वर्षांत गंजून गेला, तुला शहरात बसून काय कळतंय. मी म्हटलं, बघताना तरी काढता ना? तर म्हणाला, सारखं काढघाल केलं की शिवण उसवते, आणि यातून दिसतंय की, पारदर्शक आहे. पारदर्शक म्हणे. धूळ आणि चुलीचा धूर बसून त्या प्लास्टिकवर असं धुकं चढलं होतं की आतला माणूस पुरुष की बाई सांगता येत नव्हतं, आणि वर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका मधोमध. बरं, वारा अडवायचा तर मागून अडवा. मागची बाजू भिंतीवरच्या स्टँडसाठी उघडीच ठेवलेली. ज्या बाजूने खारा वारा शिरतो ती मोकळी, आणि ज्या बाजूने म्हातारा बघतो ती बंद. एवढी अक्कल एकाच घरात साठलेली मी क्वचित बघितली आहे.

तुम्ही म्हणाल, घरातल्या कोणाला हे कळलं कसं नाही? अहो, बघतंय कोण! पन्नास इंची टीव्ही भिंतीवर आणि घरातला प्रत्येक जण हातातल्या फोनात. भाऊ फोनवर, वहिनी पोळ्या लाटताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून. स्वतःच्या मुलीचे सामने हे दोघं फोनवरच बघायचे. तो टीव्ही बघणारं घरात एकच माणूस होतं.

ते माणूस खुर्चीत बसलं होतं, मान खाली. सामना सुरू व्हायची वेळ झाली तशी आळीतली चार माणसंही आली. टीव्ही लागला. धुक्यात लाल काहीतरी आणि हिरवं काहीतरी हलायला लागलं. बाजूच्या घरातले एक काका म्हणाले, वा, एकदम क्लिअर. दुसऱ्याने री ओढली.

मी बाबांजवळ जाऊन बसले आणि हळूच विचारलं, काय दिसतंय? त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "बाय, तू पैसं घातलंस, तुना सांगाला जीव होत नवता. सगल्यांना दिसतंय. माजेच गेले."

इतके दिवस हा माणूस त्या खुर्चीत बसून आपण आंधळे झालो असं समजत होता. चार टोणग्यांनी पेढ्याच्या मोबदल्यात क्लिअर म्हटलं म्हणून. नातीला कळू नये म्हणून अंदाजाने झकास म्हणत होता. मला रडूही आलं आणि त्या चौघांच्या तोंडावर तो नारळ पुन्हा फोडावा असंही वाटलं.

मी उठले आणि बाजूच्या काकांना विचारलं, काका, ती लाल कपड्यातली चढाईला गेलीय, तिच्या पाठीवर नंबर काय? काका चष्मा पुसायला लागले. दुसऱ्याला विचारलं, तो म्हणाला, आठ असंल. तिसरा म्हणाला, तीन. मग भावाला विचारलं. तुझीच पोर खेळतेय, तूच सांग, यातली तुझी कुठली? भावाचा हात खिशातल्या फोनाकडे गेला. मी म्हटलं, फोन नाही, इथे बघून सांग. तो डोळे बारीक करून पुढे सरकला.

मी बाबांकडे वळले. "बाबा, तुमचे डोळे शाबूत आहेत. इथे कोणालाच काही दिसत नाय. हे सगळे खोटं बोलतायत."

मी स्वयंपाकघरातून कात्री आणली, स्टुलावर चढले आणि झबलं वरपासून खालपर्यंत फाडलं. शिवणावळ किती दिली होती ते वहिनी मागून सांगत होती. ते प्लास्टिक खाली पडलं, काकांनी पाय आखडून घेतले, आणि भिंतीवर मैदान उघडं झालं.

बाबांनी मान वर केली. मग बोट वर केलं. "सात," म्हणाले. "सात नंबर आपली." भाऊ जमिनीकडे बघत होता. जन्मात पहिल्यांदा त्याला इंच आठवले नसतील.

सामना आमची पोर हरली. दोन गुणांनी. पण पूर्ण वेळ बाबा खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसून होते, गुडघ्यावर हात, स्वतःच चढाईला निघाल्यासारखे. आळीतली माणसं मध्येच कधीतरी उठून गेली, चहाला थांबली नाहीत.

थोड्या वेळाने पोरीचा फोन आला. भावाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि बाबांच्या हातात दिला. ती हरलेली, दमलेली. सवयीने तिने विचारलं, आजोबा, बघितलंत ना?

"बघितलं," बाबा म्हणाले. "बोनसच्या रेघेपलीकडं पुढचा पाय टाकलास तवा मागचा उचललास का नाय? जमिनीला चिकटलेला. असा गुण देतो का कोण? अंगणात हेच शिकवलं व्हतं तुना? आणि केस बांध घट्ट, सारखे तोंडावर येतान."

पलीकडे काहीच ऐकू येईना. भावाला वाटलं फोन कटला, तो हात पुढे करायला लागला. मी त्याचा हात धरला. मग हुंदका ऐकू आला, आणि त्यातूनच ती म्हणाली, "आजोबा, अजून रागवा ना."

बाबा रागवत राहिले. वहिनीने न सांगता ट्यूबलाइट बंद केली आणि जमिनीवरचं प्लास्टिक गोळा करून मागच्या दारी नेलं. कचऱ्यात टाकलं नाही. धुऊन, घडी घालून ठेवलं, फ्रिजला होईल म्हणून.