पहिलं नाव कोणाचं

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या मॅडमनी हात दिला म्हणून मी आज मालेगावात टायपिंगच्या खुर्चीवर आहे. हे आधी सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात चूक सगळी माझी होती.

मी सांगलीकडची. नववीत शाळा सुटली. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे वऱ्हाडी मुलखात आले आणि सेठच्या झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगला लागले. तिथे लग्नपत्रिका जास्त. पत्रिकेत नावांचा क्रम म्हणजे नाजूक प्रकरण. मोठे काका दुसऱ्या ओळीत गेले की सोयरे थेट दुकानावर येतात. त्यामुळे मानाचं नाव आधी, हे माझ्या बोटांतच बसलेलं.

केनवडच्या एका सरांचा पीएचडीचा प्रबंध आला तो मी भीतभीतच घेतला. शेवटी हातानं लिहिलेली संदर्भांची यादी होती. एकेका लेखाला तीन-तीन, चार-चार लेखक. सरांच्या मार्गदर्शकांचं नाव कुठे तिसरं, कुठे शेवटचं. मला वाटलं, सरांकडून घाईत झालं असेल. गुरूचं नाव असं मागे कसं? मी ते सगळीकडे पुढे आणलं. तीन किंवा जास्त लेखक असले की मजकुरात पहिलं आडनाव आणि पुढे ‘व इतर’, असं सरांनी सांगितलेलं. तिथेही मी मार्गदर्शकांचंच आडनाव घातलं. कोणाला विचारलं नाही. उलट मनातून खूश होते.

गुरुवारी सर प्रिंट घेऊन मॅडमना यादी दाखवायला गेले आणि तासाभरात परत आले.

“ताई, हे काय करून ठेवलं तुमी? सोमवारी प्रबंध जमा करायचा हाय मले!”

सेठनी चष्मा कपाळावर चढवला. “बाई, सोमवारच्या आत निस्तरा. नाई तर या खुर्चीवर दुसरं कोनी बसवतो मी.”

सर जरा नरमले. “मॅडमनं बलावलं तुमाले.”

ग्रंथालयात मॅडमनी टेबलावर मूळ लेखांच्या प्रती मांडून ठेवल्या होत्या. “काहून वं, कोनाचं लग्न हाय हे? गुरुजींना मांडवात पुढं बसवून राह्यली तू?”

मला रडूच आलं.

“रडून नावं जाग्यावर येतात काय? बस इथं.” त्यांनी एका लेखावर बोट ठेवलं. “ही पोरगी शेलूबाजारकडच्या गावागावात जीपनं फिरली, घरोघरी फॉर्म भरले. याच टेबलावर बसून लिवलं तिनं. काम जिचं जास्त, तिचं नाव पहिलं. तू तिले इतरांत टाकलं.”

ती मुलगी मी कधी पाहिली नाही, पण मान खाली गेली. डोळे पुसून म्हटलं, “मीच नीट करते. एकेक पान.”

एका झटक्यात सगळीकडे नाव बदलायची सोय कॉम्प्युटरवर असते. पण दोन लेखांत मार्गदर्शक खरोखरच पहिले होते. झटका मारला असता तर तेही बिघडलं असतं. शुक्रवारी मी सुट्टी घेऊन ग्रंथालयातच बसले. मॅडमनी सरांच्या यादीवरून नाही, मूळ लेखांवरूनच तपासायला लावलं, आणि तिथली इंग्रजी नावं मला पटकन वाचता येत नाहीत. मॅडम वाचायच्या, मी बोट ठेवून जुळवायची. दोन लेखक असले तर मजकुरात दोघांचीही आडनावं. शेवटच्या यादीत मात्र सगळ्यांची नावं, लेखावर आहेत त्याच क्रमानं.

शनिवारी दुपारी संपलं. तरी खात्री वाटेना. मी पुन्हा पहिल्या पानावर गेले.

“आता आनखी काय? येडी झाली काय तू?”

“एकदाच, मॅडम.”

“बस मंग. चहा मांगवते.”

त्या दुसऱ्या फेरीत दोन चुका सापडल्या.

सोमवारी प्रबंध जमा झाला. सेठ एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळी आधी इचारत जा.” पुढच्या वेळी! मी मान डोलावली आणि कामाला लागले.

मॅडमचा स्वतःचा प्रबंध सासूबाईंच्या आजारपणात अर्ध्यावर सुटला. फाईल कपाटात बांधून ठेवलेली आहे, हे त्या शनिवारी चहा पिताना कळलं. विचारलं तर म्हणाल्या, “जाऊ दे वं.”

मी जाऊ देणार नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतेय. इंग्रजी नावं स्वतः वाचता येतील इतकं तरी शिकेनच. आणि मॅडम, ती फाईल तुम्ही बाहेर काढाल तेव्हा पहिल्या पानापासून शेवटच्या संदर्भापर्यंत मीच टाइप करून देईन. हा माझा शब्द.