पंधराच्या जागी तीसचा फ्यूज

पळसदरीच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचं वायरिंग करणारा पदू तसा देवमाणूस, फक्त कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. कामात मात्र पक्का. फ्यूज उडाला की एसीचा एकेक भाग सुटा करायचा, कुठला काढल्यावर फ्यूज टिकतो ते बघायचा आणि मगच नवा बसवायचा. वीस वर्षं त्याने हेच केलं. एकदाच केलं नाही.

मे महिन्यात भावकीतला विकास आपली भाड्याची व्हॅन घेऊन आला. एसी लावला की पंधरा अँपियरचा फ्यूज उडत होता. पदूने दोन नवे बसवले, दोन्ही गेले. विकासचा पाय जमिनीवर ठरेना.

"तात्या, खोपोलीला वऱ्हाड खोळंबलंय. काय बी करा, पन गार हवा चालू करा!"

पदूने तीसचा फ्यूज बसवला. जास्त करंट आला की पंधराचा स्वतः जळतो आणि वायर वाचवतो; तीसचा गप्प राहतो आणि वायर तापत जाते. हे पदूला झोपेतही सांगता आलं असतं. "उद्या सकाळी ये रं, नीट बघतो," एवढंच तो बोलला.

गार हवा लागत असताना कोण कशाला येतोय! उलट विकासने नाक्यावर दवंडी पिटली, तात्याच्या हाताला यश हाय म्हणून. लोक कौतुक करायचे. पदू रोज फोन हातात घ्यायचा आणि परत खिशात टाकायचा. खरं सांगितलं तर वीस वर्षांचं नाव मातीत जाणार, ही भीती. बिचारा म्हणावं, तर तेही म्हणवत नाही.

बाराव्या दिवशी बायको वनिता म्हणाली, "हर्षलाला आनाया मोहोपाड्याला विकासची गाडी धाडलीय. सातवा लागलाय पोरीला, उन्हाचं गार बरं."

पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणारी लेक, आणि त्याच गाडीत! विकास फोन उचलेना. पदूने मोटारसायकल दामटली, चौक गावाजवळ व्हॅन दिसताच तिला आडवा गेला, आणि आधी हर्षलाला उतरवून झाडाच्या सावलीत बसवलं.

मग त्याने डॅशबोर्डखाली हात घातला. वायरवरचं प्लास्टिक वितळून ओघळलं होतं. विकास गाडी पेंढ्याच्या उडवीला खेटून उभी करायचा. एसीच्या पंख्यात उंदरांनी पेंढा भरून घर केलं होतं, म्हणून पंखा अडून जास्त करंट ओढत होता. वायरीलगतचा पेंढा करपून काळा झाला होता.

"तीसचा मीच टाकला व्हता," पदू म्हणाला. "पेट घेईल, मला म्हाईत व्हतं."

विकास त्या काळ्या काड्यांकडे बघत राहिला. शिवी देईल असं पदूला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"आज तुमची पोर बसली म्हनून धावत आलात, तात्या," तो हळूच म्हणाला. "बारा दिस माझी दोन पोरं बसत व्हती हिच्यात."

सावलीतल्या हर्षलाने सगळं ऐकलं होतं. पदू तिला हात द्यायला गेला, तर ती पोट सावरत एकटीच उठली.